अँड्रॉइड की आयफोन? आधी गिऱ्हाइकाचा फोन बघ

अरे, परवा रात्री इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता तू विचारलंस की काका, ॲप बनवायला अँड्रॉइड शिकू का आयफोन, आणि मी नुसतं हं हं केलं, त्या गर्दीत काय बोलणार, म्हणून आज निवांत लिहितोय.

तुझे मित्र म्हणतात आयफोनवाले ॲपवर पैसे टाकतात. खरंय, पण ते गिऱ्हाईक बहुतेक परदेशातलं, आणि तुला वर्षाच्या आत घरात चार पैसे आणायचेत. तुझं पहिलं काम सियागंजच्या बाजारातून येईल नाहीतर भंवरकुआँच्या कुठल्या क्लासवाल्याकडून, मग त्यांच्या हातात कुठला फोन आहे ते बघ ना, बहुतेक अँड्रॉइडच. मी एका मसाल्याच्या व्यापाऱ्याला ऑर्डरचं ॲप करून दिलेलं, माझ्या फोनवर एकदम मक्खन चालायचं, त्याच्या पोऱ्याने उघडलं तर नुसता पांढरा स्क्रीन. फोन हातात घेतला तर काच तडकलेली, दोन जीबी रॅम, स्टोरेज गुड मॉर्निंगच्या फोटोंनी गच्च, आणि गोदामात नेटवर्कचा पत्ता नाही. ऑर्डर आधी फोनमध्येच सेव्ह करायची आणि नेट आलं की वर पाठवायची, हे मी तिथे हळदीच्या पोत्यावर बसून शिंकत शिंकत शिकलो.

खर्चाचं म्हणशील तर डेव्हलपर अकाउंटचे गूगल प्लेला एकदाच 25 डॉलर, ॲपलला दर वर्षी 99, वर एक्सकोड, म्हणजे आयफोनची ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, मॅकवरच चालतं. बाबांकडे मॅकचा हट्ट धरू नकोस आत्ता, पहिला आयफोनवाला क्लायंट आला की त्याच्या ॲडव्हान्समधून घे. स्टोअरच्या कमिशनची चिंता तर सोडूनच दे, वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत छोट्या डेव्हलपरला दोन्हीकडे 15 टक्क्यांची सोय आहे (तिथवर पोचलास की पोहे-जिलेबी तुझ्याकडून), आणि हळद-मिरचीच्या ऑर्डरवर ते लागतच नाही, ते डिजिटल मालाचं असतं. एक लक्षात ठेव, प्लेवर नवीन पर्सनल अकाउंट असेल तर आधी 12 टेस्टर सलग 14 दिवस लागतात, तेव्हा क्लायंटला "उद्या लाइव्ह करतो" असं बोलून बसू नकोस, मी बोलून बसलो होतो.

फ्लटरचं विचारलंस ना, एकदा लिहा दोन्हीकडे चालवा. चांगलं आहे, पण आधी कॉटलिनमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या स्वतःच्या भाषेत, एक तरी ॲप पूर्ण कर, नाहीतर कॅमेरा किंवा नोटिफिकेशन अडलं की बोंबलत बसशील.

आणि प्लॅटफॉर्मवर जीव टाकू नकोस रे. 2012 मध्ये मी एका तिसऱ्याच प्लॅटफॉर्मवर दीड वर्ष घातलं, तोच गुंडाळला गेला, स्क्रीन सगळ्या वाया, कामाला आला फक्त सर्व्हर आणि डेटाबेसचा भाग. तुझी काकू अजून टोमणे मारते.

रविवारी घरी ये. येताना आजोबांचा जुना फोन आण, त्यावर तुझं ॲप चालवून बघू.