साखळी माझ्यामुळे तुटली

"येशूने लाजराला चार दिवसांनी कबरीतून उठवलं, मग माझ्या माणसाला का नाही? माझाच विश्वास कमी पडला असणार." हे मी समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या ख्रिस्ती लोकांकडून ऐकलंय की शेवटी म्हटलं लिहूनच टाकू. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मावशी साठीच्या आसपास. मुलगा बाइकवरून पडला, अकरा दिवस आयसीयूत. मंडळीने (चर्चच्या लोकांनी) उपास धरले, साखळी प्रार्थना लावली, म्हणजे एकेकाने एकेक तास वाटून अखंड प्रार्थना, मावशींचा तास रात्री दोन ते तीन. अकराव्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर त्यांचा डोळा लागला आणि पहाटे मुलगा गेला. त्यात एका नातेवाइकाने ऐकवलं, मुलगी मेल्याचं कळल्यावरही याईराला प्रभू म्हणालाच होता ना, भिऊ नको, विश्वास मात्र धर!

पहिली तीन सेशन्स मी जवळजवळ गप्पच होते. दुःखातल्या माणसाला उत्तर द्यायची घाई करू नये या मताची मी आहे, काहींना ते आवडत नाही, असो.

चौथ्या वेळी मावशी म्हणाल्या, "पकडला गेला त्या रात्री गेथशेमानेच्या बागेत प्रभू झोपलेल्या शिष्यांना हेच बोलला, घटकाभर जागता आलं नाही का. मलाच बोलला तो."

"मावशी, पुढे काय म्हणाला?"

"पुढे... आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त..." आणि थांबल्याच. पदर तोंडाला लावून किती वेळ रडल्या. मुलासाठी रोज रडत होत्या, अकरा रात्री ताटकळलेल्या स्वतःच्या देहासाठी पहिल्यांदा. पुढच्या क्लायंटला मी बाहेर थांबवलं.

वचन त्यांना तोंडपाठ होतं, अडकल्या होत्या अर्ध्यावर. तेव्हापासून कुणी वचनाने स्वतःला झोडपायला लागलं की मी पुढची ओळ विचारते, कुठल्या कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं.

मग बाकीचं सोपं गेलं. नाईन गावच्या विधवेने तर काही मागितलंच नव्हतं, तिच्या मुलाची प्रेतयात्रा वेशीपाशी दिसली आणि येशूला कळवळा आला, त्याने मुलाला उठवलं. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघींनी तोंडावर सांगितलं की तू इथे असतास तर भाऊ मेला नसता, तो रागावला नाही, रडला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं तुरुंगात डोकं उडवलं, त्याला कुणी उठवलं नाही, मग त्याचा विश्वास कमी होता का? आणि लाजर काय, याईराची 12 वर्षांची मुलगी काय, पेत्राने उठवलेली यापोची टबीथा काय, सगळे पुढे कधीतरी परत कबरीत गेलेच की. ख्रिस्ती शिकवण त्यांना येणाऱ्या पुनरुत्थानाची खूण मानते, विश्वासाच्या परीक्षेतलं बक्षीस नाही.

राहिला न्याय. मुलगा चर्चला जायचा नाही आणि बायबलमधलं इब्री 9:27 म्हणतं की एकदा मरण, मग न्याय. यावर निकाल द्यायची खुर्ची माझी नाही, पाळकांकडे जा म्हटलं. इतकंच विचारलं, न्यायाला बसणार कोण? योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडून त्यांनीच वाचलं, पित्याने सगळा न्याय पुत्राकडे, म्हणजे येशूकडे सोपवलाय.

"म्हणजे लाजराच्या कबरीपाशी रडला तोच," मावशी पुटपुटल्या.

नातेवाइकांनो, मयताच्या घरी वचनं ऐकवू नका, डबा न्या, शेजारी बसा. आठवडेच्या आठवडे झोप-जेवण नसेल किंवा "मलाही ने" असं तोंडात येत असेल तर नुसत्या प्रार्थनेवर राहू नका, डॉक्टरला दाखवा.

मध्यंतरी मंडळीत कुणासाठी तरी परत साखळी लागली. मावशींनी दोन ते तीनच मागून घेतला. सकाळी फोन, "मॅडम, या वेळीपण पंधरा मिनिटं डुलकी लागलीच हो," आणि चक्क हसल्या.