वेल-नोन, ओल्ड-फॅशन्ड: जोर नेमका कुठे?

ऐरोलीतल्या कॉल सेंटरच्या व्हॉइस राउंडला (इंग्रजी बोलण्याच्या चाचणीला) 'कंपाउंड शब्दांचा स्ट्रेस चुकतो', म्हणजे इंग्रजी जोडशब्दांत जोर चुकीच्या जागी पडतो, एवढंच सांगून तुम्हाला परत पाठवलं, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं. दुखणं ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

मूळ घोळ एका वाक्याचा. ठाण्यातल्या एका क्लासची झेरॉक्स हातोहात फिरते, तिच्यात छापलंय: 'जोडशब्दात जोर पहिल्या भागावर.' हे ब्लॅकबोर्ड, ग्रीनहाउस अशा नामांना चालतं. विशेषणांत बहुतेकदा उलटं. ओल्ड-फॅशन्ड, बॅड-टेम्पर्ड, शॉर्ट-सायटिड, वर्ल्ड-फेमस यांत मुख्य जोर दुसऱ्या शब्दावर, तोही 'फॅ', 'टेम्', 'साय', 'फे' या सिलॅबलवर (एक स्वर असलेल्या उच्चाराच्या तुकड्यावर). पहिल्या शब्दाला दुय्यम जोर. शंका विचारायला गेलं तर 'नोट्समध्ये आहे तेच पाठ करा' असं उत्तर मिळतं. फी घेऊन असं शिकवणं मला तरी पटत नाही.

पुढची पायरी तर तिथे शिकवतच नाहीत. 'द ॲक्टर इज वेल-नोन' म्हणताना जोर 'नोन'वर. पण 'अ वेल-नोन ॲक्टर' म्हटलं की तो 'वेल'वर सरकतो, कारण 'नोन' आणि 'ॲक्' हे दोन जोर एकमेकांना चिकटतात आणि इंग्रजीच्या लयीला ते जड जातं. असा सरकणारा जोर लॉन्गमनच्या इंग्रजी कोशात छोट्या त्रिकोणाने दाखवलेला असतो. कोशातली उभी रेघ सिलॅबलच्या आधी येते, वरची मुख्य, खालची दुय्यम. अनेकजण ती मागच्या सिलॅबलची समजतात.

टाइम-कन्झ्युमिंग, माउथ-वॉटरिंग, रेकॉर्ड-ब्रेकिंग यांत मात्र जोर पहिल्यावर, आणि तो तिथेच राहतो. होमसिक, एअरटाइट तसेच. त्या झेरॉक्सवर लोकांचा विश्वास बसतो तो अशाच शब्दांमुळे.

सिलॅबल पाडताना स्पेलिंग बघू नका, स्वर मोजा. शेवटच्या 'ईडी'चा वेगळा 'इड' बहुधा मूळ शब्द ट किंवा डच्या आवाजाने संपला तरच होतो: सायटिड, हँडिड, माइंडिड. फॅशन्ड, टेम्पर्ड, नेचर्ड हे दोन-दोन सिलॅबलचेच. आपल्याकडे सर्रास 'फॅशनेड' ऐकू येतं. 'लाँग-लेग्ड'ला 'लेगिड'ही चालतं.

हे ब्रिटिश कोशांना धरून आहे. प्रोसेस (ज्या ग्राहकांचे कॉल घ्यायचे ते काम) अमेरिकन असेल तर ट्रेनरला आधी विचारून घ्या.

सराव जोडीने करा: तेच विशेषण एकदा वाक्याच्या शेवटी, एकदा नामाआधी, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये नको, गोंगाटात आपण नकळत प्रत्येक सिलॅबल ओरडून म्हणतो. जोराच्या सिलॅबलचा सूर चढवा, स्वर किंचित लांबवा आणि बाकीचे आखडते घ्या.