प्रदर्शनाच्या फलकांवर 'इ.स.' लिहावं, 'सामान्य युग' लिहावं की शके?

तुम्ही लिहिलंय की शाळेत पुण्याच्या इतिहासावर प्रदर्शन भरवताय, मजकूर तयार आहे, पण सनावर गाडी अडली आहे. एका सरांचं म्हणणं, 'इ.स.' ख्रिस्ती धर्माचं आहे, सरकारी शाळेत 'सामान्य युग' आणि 'सा.यु.पू.' (सामान्य युगापूर्वी) हवं. एका बाईंचं म्हणणं, आपलं शालिवाहन शक असताना दुसऱ्याचं कशाला? मी पुण्यात मोडी कागदांचं लिप्यंतर करतो. सन आणि मित्या लावणं हेच रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. फलकावर 'इ.स.' आणि 'इ.स.पू.' लिहा. मूळ कागदात, ताम्रपटात शक दिलेला असेल तर तो आधी द्या, इसवी सन नंतर. 'सामान्य युग' लिहिलंत तर ते चुकीचं नाही. मात्र त्यामुळे कालगणना निधर्मी झाली, असं मुलांना सांगू नका. आकडे तेच, आरंभही तोच. पाटी तेवढी बदलते.

आणि पाटी बदलणं काही आजचं नाही. इसवी सनाचा जन्मच तसा झाला. इ.स. ५२५ मध्ये रोममध्ये डायोनिशियस एक्झिगस नावाचा भिक्षू ईस्टरच्या तारखांची कोष्टकं करत होता. तोवरच्या कोष्टकांत डायोक्लेशियन या रोमन सम्राटाची वर्षं मोजत. या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ केला होता. त्याचं नाव आपल्या सणाच्या कोष्टकावर नको, म्हणून डायोनिशियसने येशूच्या जन्मापासून वर्षं धरली. इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांनी वेगळी वाट काढली. त्यांनी इ.स. २८४ पासूनची ती जुनी मोजणी तशीच ठेवली आणि तिला हुतात्म्यांचं युग म्हणायला लागले. छळणाऱ्याचं नाव गेलं, छळ सोसणाऱ्यांचं आलं, वर्षाचा आकडा जागचा हलला नाही.

डायोनिशियसचा हिशेबही बिनचूक नव्हता. बायबलप्रमाणे येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता, आणि हेरोदाचा मृत्यू बहुतेक अभ्यासक इ.स.पू. ४ मध्ये धरतात. म्हणजे येशूचा जन्मच 'इसवी सनापूर्वी' जातो. हे मुलांना जरूर सांगा. कालगणना माणसं ठरवतात, हे त्यांना यातून चांगलं कळतं.

आता 'सामान्य' हा शब्द. तुमच्या सरांना तो हल्लीच्या निधर्मी विचारातून आला असं वाटत असेल, पण तो चारशे वर्षं जुना आहे. केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६१५ मध्ये लॅटिनमध्ये त्या अर्थाचा शब्द वापरला, आणि तो स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता. लोकांत सर्रास चालणारी गणना, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत 'कॉमन एरा' १७०८ च्या सुमारास छापलेला सापडतो. पुढे एकोणिसाव्या शतकात ज्यू लेखकांनी तो मनापासून उचलला, आणि त्यांचं कारण मला पूर्ण पटतं. 'ॲनो डॉमिनी' म्हणजे 'प्रभूच्या वर्षी'. येशूला प्रभू न मानणाऱ्याने दर तारखेला ते का लिहावं?

मराठीत ही अडचण येत नाही. 'इसवी' म्हणजे ईसाचा, इतकंच. हा शब्द आपल्याकडे फारसी-अरबी वळणाने आला, 'सन' हा शब्दही तसाच. लिहिणारा कोणाला प्रभू म्हणत नाही, फक्त मोजणी कुठून धरली ते सांगतो. म्हणून मी 'इ.स.' वर ठाम आहे. फलक वाचणाऱ्या आजोबांना ते कळतं आणि सहावीच्या मुलालाही. 'सा.यु.पू.' पुढे प्रत्येक वेळी खुलासा लिहावा लागेल. संस्थेचा किंवा विद्यापीठाचा नियमच 'सामान्य युग' असेल तर बिनदिक्कत तसं लिहा, फक्त सगळीकडे एकच ठेवा.

बाईंच्या म्हणण्यावर जास्त बोलायला हवं, कारण शकाची गोष्ट मला या सगळ्यांत सर्वांत सुंदर वाटते. शकगणना इ.स. ७८ पासूनची. दक्षिणेतले जुने लेख तिला सरळ शक राजांचा काल म्हणतात. बदामीला पहिल्या पुलकेशीचा लेख आहे, त्यात शकवर्ष ४६५ दिलंय, म्हणजे इ.स. ५४३. त्यात शालिवाहन कुठेच नाही. शालिवाहनाचं नाव या गणनेला कित्येक शतकांनी चिकटलं. शक हे बाहेरून आलेले राजे, आणि सातवाहनांचे वैरी. त्यांच्या गणनेला लोकांनी सातवाहनांच्या वारसाचं नाव दिलं आणि तीच गणना पाडव्याला पूजली. म्हणजे 'आपलं' आणि 'परकं' ही वाटणी इथे टिकत नाही. तरीही शके लिहायलाच हवं, पण कारण वेगळं आहे: मूळ पुरावा त्याच भाषेत बोलतो. तळेगावच्या राष्ट्रकूट ताम्रपटात 'पूनक विषय' (म्हणजे पुण्याचा प्रांत) येतो, तो कृष्णराजाचा ताम्रपट शके ६९० चा. तिथे नुसतं 'इ.स. ७६८' लिहिलंत तर कोरणाऱ्याने जे कोरलं ते फलकावरून गेलं.

पेशव्यांच्या कागदांत तर एका ओळीत तीन परंपरा भेटतात. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचा एखादा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडा. पत्रात तारीख 'छ' ने (म्हणजे चंद्र, चांद्र तारखेची खूण) सुरू होते, मग महिना रबिलावल किंवा जमादिलाखर, आणि सन अरबी अंकांच्या नावांनी: 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. हा शुहूर सन. मृगाला सुरू होणारा, शेतसाऱ्याच्या सोयीचा. त्यात जानेवारी ते मृगापर्यंत ६०० आणि पुढे ५९९ मिळवले की इसवी सन येतो. ११६१ म्हणजे पानिपतचं साल. पंचांग बघून मुहूर्त काढणारे, श्रावणमासात दक्षिणा वाटणारे पेशवे कचेरीत अरबी सन लिहीत होते, आणि त्यात कोणाला धर्म बुडाल्यासारखं वाटलं नाही. छत्रपतींनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तोही चालला, पण शुहूर सन हटला नाही. एक फलक फक्त या ओळीसाठी ठेवा. सरांचा आणि बाईंचा वाद त्यातून मिटेल असं मला वाटतं.

आता कामाच्या गोष्टी. शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं, म्हणून चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवा आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. पानिपत पौष शुद्ध अष्टमीला, शके १६८२ मध्ये, म्हणून १७६१ येतं. ७८ मिळवलेत तर लढाई वर्षभर आधी होईल. ही चूक छापील पुस्तिकांतही दिसते. इसवी सनात शून्य वर्ष नाही, त्यामुळे इ.स.पू. ५० ते इ.स. ५० ही ९९ वर्षं होतात, शंभर नाहीत. कालरेषा काढणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा. राष्ट्रीय सौर दिनांक, म्हणजे आकाशवाणीवर ऐकतो ते 'भारतीय सौर', २२ मार्च १९५७ पासूनचे. त्यातला चैत्र पाडव्याला सुरू होत नाही. जुन्या घटनांना तो लावू नका.

शेवटचा मुद्दा मात्र टाळू नका, कारण पालक विचारणारच. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही शिवजन्माची तिथी, आणि तिची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या, पद्धतीची आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने ती १ मार्च येते. ६ जून १६७४ चंही तसंच, नव्या पद्धतीने १६ जून. पानिपतची १४ जानेवारी १७६१ मात्र नव्याच पद्धतीची, कारण इंग्रजांनी १७५२ मध्ये पंचांग बदललं होतं. म्हणजे एकाच प्रदर्शनात, एकाच 'इ.स.' खाली दोन वेगळ्या मोजण्या येतील. 'सामान्य युग' लिहूनही त्या तशाच राहतील. १७५२ पूर्वीच्या प्रत्येक तारखेपुढे तिथी आणि शके लिहा, आणि खाली एका ओळीत 'तारखा ज्युलियन पद्धतीने' असं छापा.