एका मताची किंमत कागदावर मांड

प्रिय मित्रा,

डब्लिनच्या नगर परिषदेसाठी अपक्ष उभं राहायचं म्हणतोस. नागरिकत्वाची अडचण नाही; आयर्लंडमध्ये राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या कुणालाही स्थानिक निवडणूक लढवता येते. संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे डॉलसाठी, मात्र नागरिकत्व लागतं. अर्ज भरण्याआधी टोनी ग्रेगरी यांची कारकीर्द नीट समजून घे.

ते डब्लिनच्याच बॅलिबॉ भागातले. १९७९ मध्ये नगरसेवक झाले, फेब्रुवारी १९८२ मध्ये डॉलवर निवडून आले आणि २००९ मध्ये मृत्यू होईपर्यंत ती जागा त्यांनी राखली. तीही पक्षाविना, कारण मतदार त्यांना गल्लीतल्या कामावरून ओळखत होते.

आधी मतांचं गणित पाहा. मतदार पसंतीक्रम देतो. वैध मतांना जागा अधिक एकने भागायचं आणि येणाऱ्या आकड्यात एक मिळवायचा, हा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं. सात जागा, सोळा हजार मतं, तर कोटा २००१. नवखा उमेदवार इथेच चुकतो: ‘माझं मत दुसऱ्याला’ असं ऐकलं की दारातून परत फिरतो. तिथेच थांबून दुसरी पसंती माग. त्या मतदाराच्या पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की ते मत तुझ्याकडे येतं.

आता खरी शिकवण. १९८२ मध्ये १६६ जागांच्या सभागृहात पंतप्रधान होऊ पाहणारे फियाना फॉल पक्षाचे नेते चार्ल्स हॉही यांच्याकडे ८१ आमदार होते, म्हणजे बहुमताला तीन कमी. ग्रेगरींचं एक मत सोन्याचं झालं. पाठिंब्याच्या बदल्यात त्यांनी मंत्रिपद मागितलं नाही. फर्गस मॅककेब आणि मिक रॅफर्टी या वस्तीतल्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन मागण्यांचा मसुदा केला: मतदारसंघात ४४० घरं, भागातल्या पाचशे माणसांना काम देण्यासाठी चाळीस लाख पौंड, बंदरातली सत्तावीस एकर जागा सरकारकडे. प्रत्येक मागणीला आकडा होता. हॉहींशी झालेल्या करारावर कामगार नेते मायकेल मलन यांची साक्षीदार म्हणून सही झाली आणि ९ मार्चला ग्रेगरींनी करारातल्या अटी सभागृहात मांडल्या, म्हणजे त्यांची अधिकृत नोंद झाली. तोंडी आश्वासन फिरवता येतं. कामकाजात नोंदलेलं फिरवलं तर सगळ्यांना दिसतं.

तरी कराराचा मोठा भाग राहूनच गेला. नोव्हेंबरमध्ये हॉहींचं सरकार पडलं. म्हणून तू मागशील त्यात पहिल्या दोन-तीन महिन्यांत होणारी कामं वर ठेव: निविदा निघालेली, जागा ताब्यात असलेली. नवीन कायदा किंवा भूसंपादन लागणारी खाली.

एक गोष्ट मनाला फार भिडते. रस्त्यावर माल विकणाऱ्या बायकांच्या बाजूने उभं राहिल्याबद्दल १९८६ मध्ये ते दोन आठवडे तुरुंगात गेले. त्या बायकांचा प्रश्न कुठल्याही कराराइतकाच त्यांचा होता.

रोजच्या कामासाठी जाड वही ठेव. तारीख, पत्ता, तक्रार, कुठल्या खात्याला कळवलं, पुन्हा विचारायची तारीख. घर मिळवून देतो असं कुणालाही म्हणू नकोस. प्रतीक्षा यादी परिषदेची असते. अर्ज पूर्ण आहे ना आणि कुठे अडला, एवढं पाहून सांग.

पुढच्या पत्रात तुझ्या प्रभागातल्या मागण्या पाठव, प्रत्येकीपुढे आकडा लिहून.

तुझा,
हितचिंतक