कृष्णधवल छपाई: प्रिंटर निवडताना काय पाहावे?

प्रश्न: मी बरीच वर्षे कृष्णधवल छायाचित्रे काढतो. घरच्या चार शायांच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेले चित्र दिवसा खिडकीपाशी हिरवट दिसते आणि रात्री दिव्याखाली तेच तांबूस वाटते; मॉनिटरवर मात्र ते स्वच्छ करडे असते. नवा प्रिंटर घेण्याचा विचार आहे. रिझोल्यूशन पाहून घ्यावा का? आणि शाई डाय (विरघळलेल्या रंगाची) घ्यावी की पिगमेंट (रंगाच्या सूक्ष्म कणांची)?

उत्तर: आपल्या मॉनिटरचा यात काही दोष नाही. चार शायांच्या प्रिंटरमध्ये काळी शाई एकच असते. तिच्यातून फिकट करडा छापायचा तर ठिपके विरळ टाकावे लागतात आणि चित्र दाणेदार दिसते, म्हणून प्रिंटर सायन, मॅजेंटा आणि पिवळी शाई मिसळून करडा तयार करतो. या तिन्ही शाया प्रकाशाचा वेगवेगळा भाग शोषतात, त्यामुळे प्रकाश बदलला की त्यांचा तोल ढळतो. छपाईच्या क्षेत्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात.

तेव्हा रिझोल्यूशनचा आकडा बाजूला ठेवून प्रिंटरमध्ये काळ्या व करड्या शाया किती आहेत, हे आधी मोजावे. एप्सनने 2005 मध्ये आर2400 या प्रिंटरबरोबर काळी, हलकी काळी आणि अतिहलकी काळी अशा तीन पातळ्यांची के3 शाई आणली, आणि घरच्या टेबलावर खरा तटस्थ करडा मिळू लागला. अशा प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील, कृष्णधवल मोड वापरल्यास छपाईचा बहुतेक भार करड्या शायांवर पडतो आणि रंगीत शाई नावापुरतीच लागते. कॅननच्या प्रो मालिकेतही स्वतंत्र करड्या शाया मिळतात; त्यांपैकी प्रो-200 डाय शाईचा, तर प्रो-1000 पिगमेंटचा आहे.

डाय की पिगमेंट, हे मात्र कागद ठरवल्याशिवाय सांगता येत नाही. डाय शाई कागदाच्या लेपात मुरते, त्यामुळे चकचकीत कागदावर तिचा काळा खोल आणि एकसंध दिसतो. पण प्रकाश आणि हवेतील ओझोन यांच्यापुढे ती लवकर फिकी पडते. पिगमेंटचे सूक्ष्म कण पृष्ठभागावरच राहतात. काळ्यातले कण कार्बनचे, म्हणजे काजळीच्याच जातीचे, त्यामुळे ते फार टिकतात. भिंतीवर लावण्यासाठी किंवा पुढच्या पिढीच्या हाती देण्यासाठी छापत असाल, तर माझा कौल निःसंशय पिगमेंटला आहे. चकचकीत कागदावर मात्र तिरप्या प्रकाशात तिची तांबूस झाक जाणवू शकते.

पिगमेंट प्रिंटरमध्ये मॅट कागदासाठी मॅट ब्लॅक आणि चकचकीत किंवा बॅरायटा (बेरियम सल्फेटचा लेप असलेल्या) कागदासाठी फोटो ब्लॅक अशा दोन काळ्या शाया असतात. मॅट कागदावर फोटो ब्लॅक वापरली, तर सावल्या धुरकट होतात. काही जुन्या प्रिंटरमध्ये या दोन शायांची अदलाबदल करताना दर वेळी बरीच शाई वाया जाते, याची चौकशी खरेदीआधीच करावी.

स्वस्त पर्यायी शाईचा मोह मलाही झाला होता. जिन्याखालच्या अंधाराचे माझे एक आवडते चित्र त्या शाईने छापले. पहिल्या दिवशी ते सुरेख दिसले, पण काही महिन्यांत सावल्यांवर जांभळी छटा चढली आणि ते चित्र मला फ्रेममधून काढावे लागले. तेव्हापासून मी मूळ शाईच वापरतो.

खरेदीपूर्वी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांनी गडद होत जाणारी 21 पायऱ्यांची पट्टी आपल्या नेहमीच्या कागदावर छापून घ्यावी आणि एक दिवस सुकू द्यावी. मग ती खिडकीपाशी व दिव्याखाली धरून पाहावी. शेवटच्या तीन काळ्या पायऱ्या वेगळ्या ओळखू येतात का आणि मधल्या करड्यांवर कुठे रंग चढतो का, हे तेवढ्यात कळते. आपण महिन्यातून एखादेच चित्र छापत असाल, तर पिगमेंटने नोझल, म्हणजे शाई फवारणारी सूक्ष्म छिद्रे, तुंबण्याची शक्यता अधिक असते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी प्रिंटर सुरू करून नोझल चेकचे (छिद्रे मोकळी आहेत का हे दाखवणारे) पान काढावे. ही छिद्रे असलेले हेड तुंबल्यावर ते साफ करताना जितकी शाई खर्ची पडते, तिच्यापुढे या पानाची शाई नगण्य असते.