गिऱ्हाईक टिकत नाही, मग धंदा कसा टिकवायचा?

प्रश्न: मी, माझे मिस्टर आणि धाकटे दीर असे तिघं मिळून नव्याने बाबा झालेल्यांसाठी छोटा बिझनेस चालवतो. पुरुषांच्या मापाचे बेबी कॅरिअर (बाळाला छातीशी बांधून न्यायचे पट्टे), डायपर बॅग आणि रविवारी बाळ हाताळायचं ट्रेनिंग. लोक येतात, खूश होतात आणि चार-सहा महिन्यांत गायब! सासरे म्हणतात कपडे, खेळणी सगळंच ठेवा, दीर म्हणतात जाहिरात वाढवा. त्यात कॅरिअर परत येण्याचं प्रमाणही वाढलंय. आणि खरं सांगायचं तर दिरांना आम्ही अजून पगार देत नाही, ते मागत नाहीत पण हल्ली जरा फटकूनच वागतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, गिऱ्हाईक गायब होणारच, तुमचा धंदाच तसा आहे. बाळ मोठं झालं की बाबाला तुमची गरज संपते आणि त्यात तुमची काही चूक नाही. त्याला धरून ठेवायला कपडे-खेळणी भरायला जाल तर प्रत्येक कपडा चार-पाच साइझमध्ये घ्यावा लागेल, बाळं भराभर वाढणार, कुठली साइझ संपेल आणि कुठली पडून राहील याचा नेम नाही आणि पैसा सगळा कपाटात अडकून बसेल. सासऱ्यांना नाही म्हणणं अवघड आहे हे कळतं, पण त्यांच्यासमोर वर्षभराचा न खपलेला माल मांडून ठेवा, वाद घालावाच लागणार नाही.

मला वाटतं तुमचं गणित चुकतंय ते वेळेचं. नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत घरात कोणाला धड झोप नसते, त्या अवस्थेत माणूस कॅरिअरची तुलना करत बसेल का? हातात येईल ते मागवतो आणि मग परत पाठवतो. म्हणून तुमचं रविवारचं ट्रेनिंग गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यात असलेल्या जोडप्यांसाठी करा, तेव्हा बाबाला उत्साहही असतो आणि वेळही. तिथेच कॅरिअर अंगावर चढवून बघू द्या. जाहिरातीचे पैसे आत्ता तरी खर्च करू नका, बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की जुन्या गिऱ्हाइकाला एक साधा मेसेज टाका, ओळखीत कोणाकडे गुड न्यूज आहे का म्हणून. ऑफिसमध्ये नाहीतर मित्रांत कोणीतरी असतंच आणि एका बाबाने दुसऱ्याला सांगितलेलं जितकं पटतं तितकं तुमचं पोस्टर नाही पटणार.

आता परत येणारे कॅरिअर. ट्रायलला रिकामी कापडी बाहुली देत असाल तर तिथेच घोळ आहे! तीन-साडेतीन किलो वजनाची बाहुली ठेवा, नवजात बाळाच्या वजनाच्या आसपासची. मग बघा, पट्टा खांद्यावरून घसरतो का, पाठीमागचं बक्कल त्याचं त्याला एकट्याला लावता येतं का (इथेच बरेच जण अडतात आणि लाजून बोलत नाहीत), बाळाचे गुडघे बुडाच्या वर राहतात का, हनुवटी छातीला टेकत नाही ना, चेहरा दिसतो का आणि मान वाकवली की डोक्याची पापी घेता येते का. हे सगळं दुकानात दहा मिनिटं करून घेतलं तर निम्मी कटकट तिथल्या तिथे संपेल. आणि पाळण्याच्या कडेला लावायच्या गुबगुबीत बंपर गाद्या किंवा बाळाला तिरपं झोपवायचे स्लीपर (उतरते बिछाने) ठेवत असाल तर काढून टाका, खपत असले तरी. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने दोन्हींच्या विक्रीवर बंदी आणली. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, आजूबाजूला उशी-पांघरूण-खेळणी काही नाही, हे ट्रेनिंगमध्ये सांगायचं आणि दुकानात उलटं विकायचं असं कसं चालेल?

दिरांचं मात्र याच महिन्यात मिटवा. मागत नाहीत म्हणजे नकोय असं नाही. रक्कम छोटी असली तरी चालेल पण ठरलेली हवी, ठरलेल्या तारखेला हवी आणि घरखर्चाच्या नाही तर धंद्याच्या खात्यातून जायला हवी. दोन्ही खाती अजून एकच असतील तर आधी ती वेगळी करा. कोण काय बघणार तेही लिहून काढा, माल एकाकडे, ट्रेनिंग एकाकडे, हिशोब एकाकडे. जेवताना धंद्याचा विषय काढू नका असं मी सांगणार नाही, ते कोणालाच जमत नाही!

प्रश्न: ट्रेनिंगला आलेले बाबा रात्री-अपरात्री मेसेज करतात, बाळ रडतंय, अंग गरम लागतंय, काय करू? उत्तर द्यावं की नाही?

उत्तर: कॅरिअरचं, डायपरचं, ढेकर काढण्याचं जरूर द्या. आजारपणाचं मात्र एकच ठरलेलं उत्तर टाइप करून ठेवा: डॉक्टरांना आत्ता फोन करा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा वर ताप असेल तर सकाळपर्यंत थांबायचंच नाही, त्यात तुमचा अंदाज, तुमच्या सासूबाईंचा अनुभव वगैरे काही मध्ये आणू नका.

अजून एक गोष्ट. काही मेसेज बाळाबद्दल नसतातच मुळी. "मला जमत नाहीये", "घरी जावंसंच वाटत नाही" असं कोणी लिहिलं तर हसण्यावारी नेऊ नका. बाळ झाल्यावरचं डिप्रेशन बाबांनाही येतं, २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा प्रमाण दहातल्या एकाच्या आसपास निघालं. त्याला सकाळी फोन करा, दोन शब्द ऐकून घ्या आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायला सांगा. स्वतःला काही करून घ्यायचं किंवा बाळाला इजा करायचं बोलत असेल तर मात्र सकाळची वाट बघू नका, लगेच फोन लावा, घरातल्या कोणालातरी त्याच्याजवळ बसवा आणि इमर्जन्सी मदत मागवा. रात्रीचा फोन कोणी उचलायचा याच्या पाळ्या तिघांत लावून घ्या, नाहीतर ते सगळं तुमच्याच गळ्यात पडेल.