मोठ्या शहरांत समलिंगी पुरुषांची वेगळी वस्ती का तयार होते आणि पुढे विरळ का होते?

‘सारखी माणसं एकत्र येतात’ हे उत्तर अर्धवट आहे. माझ्या मते आधी घरभाडं बघावं. सॅन फ्रान्सिस्कोचा कॅस्ट्रो भाग घ्या. मूळची आयरिश कामगारांची वस्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची पुढची पिढी उपनगरांत गेली आणि व्हिक्टोरियन धाटणीची लाकडी घरं स्वस्तात मिळू लागली. गिऱ्हाईक शहरात होतंच. समलिंगी म्हणून लष्कराने काढलेल्या अनेकांना निळ्या कागदावरचा दाखला देऊन याच बंदरात सोडलं होतं. तो घेऊन गावी कोण तोंड दाखवणार? पुढे बाहेरगावचे तरुणही आले. दोघातिघांनी मिळून एखादं घर घ्यायचं, डागडुजी करायची. मुलंबाळं नसल्याने जवळच्या शाळेचा प्रश्नच नव्हता.

1972 मध्ये तिथल्या ट्विन पीक्स या समलिंगींच्या बारने रस्त्याकडेला मोठ्या पारदर्शक काचा ठेवल्या. तोवर धाडीच्या आणि नोकरी जाण्याच्या भीतीने अशा बारच्या खिडक्या झाकलेल्या असत.

मग मतांचा हिशोब. कॅस्ट्रोतले उघडपणे समलिंगी उमेदवार हार्वे मिल्क 1973 आणि 1975 मध्ये शहराच्या निवडणुकीत पडले, कारण मतदान शहरभराचं होतं. 1977 मध्ये वॉर्डवार मतदान झालं आणि ते निवडून आले.

मोजणीत मात्र गफलत होते. समाजशास्त्रज्ञ मॅन्युएल कॅस्टेल्स यांनी 1983 च्या अभ्यासात मतदार यादीतली एकाहून जास्त पुरुष राहत असलेली घरं, बारचे पत्ते आणि मिल्क यांची 1975 ची मतं नकाशावर मांडली. युक्ती छानच, पण असं मोजलं की बायका सुटतात. लेस्बियन स्त्रियांचे अड्डे जवळच्या व्हॅलेन्सिया रस्त्यावर होते. कमाई कमी, म्हणून तिथलं स्वस्त भाडंच परवडे. अमेरिकेची जनगणनाही फक्त एकत्र राहणारी समलिंगी जोडपी पकडते, एकटे राहणारे निसटतात.

वस्ती विरळ होण्याचं मूळही भाड्यातच. तिथल्या 1979 च्या भाडेनियंत्रणात राहत्या भाडेकरूचं भाडं बेताने वाढतं, पण घर रिकामं झालं की नवं भाडं बाजारभावाने. एड्सच्या साथीत भाडेकरू वारले, तसतशी घरं महाग होत गेली. करारावर नाव नसलेल्या जोडीदाराचं काय? आपल्याकडे पागडीच्या खोलीत वारस कोण यावरून होतो तसाच तंटा. न्यूयॉर्कमध्ये असा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1989 मध्ये मृत भाडेकरूच्या जोडीदाराला कुटुंबीय मानलं गेलं. डेटिंग ॲपमुळे वस्त्या मोडल्या असं सर्रास म्हणतात, पण ॲप आली तेव्हा भाडी केव्हाच चढली होती.